चंद्रीचं वजन : एका भाकड म्हशीच्या सौद्याचं प्रकरण

दिवाळीच्या आठ दिवस आधी, म्हणजे ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी, मावशीचा फोन आला. "चंद्रीला गिऱ्हाईक आलंय. चोवीस हजार म्हणतोय. देऊ का?" मी म्हटलं, थांब, रविवारी येतो. ती म्हणाली, "थांबू कशी? विसार ठेवून गेलाय तो. पाचशे एक रुपये. देव्हाऱ्यात ठेवलेत."

मावशी नेवासे तालुक्यात राहते. दोन एकर रान, दोन म्हशी, एक पारडी. काका गेल्यापासून घर चाललं ते दुधाच्या पगारावर, आणि त्यातला मोठा वाटा चंद्रीचा होता. मुऱ्हा वळणाची, कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. सहा वेतं झाली. सहाव्या वेताला कासदाह झाला आणि दोन सड गेले. नंतर चार वेळा रेतन केलं, चारही वेळा उलटली. डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, गर्भाशय जुन्या आजारानं खराब झालंय, आता धरणार नाही.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण अशी चंद्री गावोगाव आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात ५६ लाखांच्या आसपास म्हशी होत्या. त्यातली प्रत्येक कधी ना कधी भाकड होते, आणि बहुतेक वेळा एक-दोन जनावरांचा मालक ती दारात आलेल्या पहिल्या माणसाला देऊन टाकतो. गाय १९७६ च्या कायद्यानं आणि बैल-वळू २०१५ च्या दुरुस्तीनं कत्तलीतून वगळले गेले. त्यामुळे मांसासाठी कायदेशीर विकता येतं असं मोठं जनावर आपल्याकडे म्हैस आणि रेडा एवढंच उरलंय. हा विषय घरात कुणाला बोलायला आवडत नाही. मावशीलाही आवडत नव्हता. न बोलल्यामुळेच त्यात सगळ्यात जास्त पैसे जातात.

विसाराची गोम

रविवारी गेलो तेव्हा मावशी दोन गोष्टींनी कासावीस झाली होती. एक, चंद्री जाणार. दुसरी, विसार घेतला म्हणजे शब्द गेला, आता मागं कसं फिरायचं.

विसाराबद्दल आपल्या लोकांच्या मनात फार आदर असतो, आणि तो असायलाच हवा. पण या सौद्यात विसार काय काम करतो ते बघण्यासारखं आहे. हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या फिरत्या व्यापाऱ्यानं, पाचशे एक रुपये ठेवले आणि "शुक्रवारी नेतो" म्हणून गेला. शुक्रवार गेला, तो आला नाही. पुढचाही गेला. फोन केला की म्हणायचा, गाडी भरली नाही, बाजार उतरलाय, पुढच्या आठवड्यात बघू. दरम्यान वैरण मावशीची संपत होती. गावात दुसरे दोन व्यापारी फिरतात. त्यांना मी निरोप दिला तर दोघांचंही एकच उत्तर : "त्याचा विसार हाय ना? मग आमी नाही यायचं." त्यांचा आपसातला हा नियम ते पाळतात. म्हणजे पाचशे रुपयांत त्यानं म्हैस घेतली नव्हती, फक्त बाकीच्यांना दार बंद केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तो आला आणि म्हणाला, "आता बावीसच्या वर परवडत नाही, वाळलीय." मावशी उठली, देव्हाऱ्यातले पैसे काढले, त्याच्या हातावर ठेवले. "तुमचा शब्द शुक्रवारचा होता. तो तुम्ही मोडलाय, मी नाही." माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तो होता. पुढचं मोजमाप, काटा, बाजार हे सगळं त्यानंतरच शक्य झालं. विसार घ्यायचाच असेल तर तारीख ठरवून घ्यावा, आणि तारीख चुकली तर सौदा मोडला हे चार माणसांत बोलून ठेवावं.

त्या हेड्याला मी वाईट म्हणणार नाही. रस्त्यात गाडी अडवली जाते, जनावर बसतं, मरतं, पुढचा व्यापारी उधारी ठेवतो. ती सगळी जोखीम तो आपल्याच खरेदीतून वजा करतो. फक्त किती वजा करायची हे आपल्याला हिशेब येत नाही म्हणून तो एकटाच ठरवतो.

दोन वेगवेगळ्या म्हशी

मावशीला विचारलं, तुझ्या मनात किती? म्हणाली, साठ हजार. का? "पंच्याऐंशीला घेतली होती. आणि दोन्ही टाइमाचं मिळून पंधरा लिटर दिलंय तिनं." हे ती खोटं बोलत नव्हती. पण ती विकत होती दुधाची चंद्री, आणि समोरचा घेत होता हाडामासाची. तो कासेकडे बघतच नाही. त्याचे डोळे जातात पाठीवर, खुब्यांवर, बरगड्यांवर. बोटं जातात शेपटीच्या मुळाशी, तिथं चरबी किती ते चाचपायला. मनात वजन धरतो, त्याच्या निम्म्याहून थोडं कमी मांस धरतो, त्याला भावानं गुणतो, खर्च आणि नफा काढतो आणि मग मालकाला आकडा सांगतो तो त्याच्याही बराच खाली. मालकाजवळ मात्र एकच आकडा असतो, खरेदीचा, आणि तो व्यापाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नाही. मग साठावरून मालक ढासळला की थेट चोविसावर येतो, कारण मधे पाय टेकायला जागाच नसते.

ती जागा म्हणजे वजन. कोंबडी आपण किलोवर विकतो, बोकडही आता बऱ्याच ठिकाणी किलोवर जातो, आणि साडेचारशे किलोचं जनावर उक्तं, म्हणजे न मोजता अंदाजानं, देतो.

सुतळी

मोजायला शिंप्याची टेप आणली, तर ती साठ इंचांची. चंद्रीच्या छातीला पुरेना. मग मावशीनं सुतळी काढली. म्हैस सपाट जागेवर, चारी पाय सरळ, मान समोर. पुढच्या पायांच्या लगेच मागून, कोपराजवळून सुतळी फिरवली, आवळली पण रुतवली नाही, आणि जिथं मिळाली तिथं गाठ मारली. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागं शेपटीजवळच्या हाडाच्या टोकापर्यंत तिरपी लांबी घेतली, तिथं दुसरी गाठ. नंतर ओट्यावर सुतळी ताणून टेपनं दोन टप्प्यांत मोजली. घेर ७४ इंच, लांबी ५४ इंच.

हिशेब असा : घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. ७४ × ७४ × ५४ ÷ ६६० म्हणजे साधारण ४४८ किलो. हा अंदाजच आहे. पोट भरलेलं असलं, म्हैस वाकडी उभी राहिली, तर दहा-वीस किलोचा फरक पडतो. म्हणून तीनदा मोजावं, सकाळी चारा टाकायच्या आधी.

४४८ किलोला चोवीस हजार म्हणजे किलोला साडेत्रेपन्न रुपये. हा आकडा मावशीनं ऐकला तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही. साडेत्रेपन्न रुपये किलो हे तिला कळत होतं, त्या भावात वांगीसुद्धा येत नाहीत.

मग उलटा हिशेब केला. शहरात मांसाचं दुकान असलेल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं, हाडासकट ठोक भाव काय चाललाय. त्या आठवड्यात त्यानं २२५ रुपये सांगितला. म्हशीचं मांस हाडासकट जिवंत वजनाच्या पंचेचाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हातारी, मोठ्या पोटाची असेल तर खालच्या बाजूला. कातड्याला एके काळी चांगले पैसे यायचे, आता ते धरायचेच नाहीत. गाडी, मजुरी, कत्तलखान्याची फी, कागदपत्रं याचे पाच हजार धरले, व्यापाऱ्याचे दोन-तीन हजार धरले. उत्तर चाळीस हजारांच्या आसपास आलं. साठ नाही आणि चोवीसही नाही. मावशीला साठ सोडायला लावणं हे चोवीस वाढवण्याइतकंच अवघड गेलं.

महिनाभर थांबणं

लगेच बाजारात न जाण्याची दोन कारणं होती. एक औषधाचं. तिला ऑक्टोबरातच प्रतिजैविकाची इंजेक्शनं झाली होती. अशा जनावराचं मांस ठरावीक दिवस खाण्यात जाऊ नये, ते दिवस बाटलीवर लिहिलेले असतात आणि डॉक्टरही सांगतात. ते दिवस संपेपर्यंत थांबणं हे आपलं कर्तव्य आहे, कुणी विचारो न विचारो.

दुसरं कारण चाऱ्याचं. नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू होतात, ऊसतोड आली की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतात. भाकड म्हैस महिनाभर सांभाळायची तर हाच काळ. एप्रिल-मे मध्ये वैरण संपते, सगळेच जनावर काढतात आणि भाव पडतो. दुष्काळाच्या वर्षी तर फार पडतो. दावणीला भाकड जनावर आहे हे दसऱ्याला माहीत असतं, आणि आपण निर्णय घेतो उन्हाळ्यात.

वाढे आणि कडबा चालूच होता. त्यावर रोज मक्याचा भरडा आणि थोडी सरकी पेंड, साधारण सत्तर रुपयांचा जादा खुराक. तीस दिवसांत घेर ७४ वरून ७६ वर गेला. ७६ × ७६ × ५४ ÷ ६६० म्हणजे साधारण ४७२. चोवीस किलो वाढले. निव्वळ किलोचा हिशेब केला तर खुराकाचे एकवीसशे रुपये जेमतेम निघाले असते. खरा फायदा दिसण्यात झाला. खुब्याची हाडं झाकली, बरगड्या मोजता येईनात, आणि व्यापाऱ्याची बोटं तिथंच जातात. यापेक्षा जास्त दिवस खाऊ घालण्यात मात्र अर्थ नव्हता. म्हाताऱ्या जनावराला महिना पुरे, पुढं खुराक खर्चात जातो.

एका शेजाऱ्यानं सल्ला दिला, आदल्या रात्री मीठ चारा आणि पाणी पाजून फुगवा. मावशीनं ऐकलं नाही. शेवटच्या वेळी तिला तहानेनं का मारू, म्हणाली. आणि व्यापाऱ्यालाही तानलेलं पोट ओळखू येतं, मग तो दुप्पट कापतो.

याच महिन्यात कागद केले. चंद्रीच्या कानातला पिवळा बिल्ला कधीतरी गोठ्याच्या तारेत अडकून तुटला होता. १ जून २०२४ पासून राज्यात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नवा बिल्ला मारून घेतला, नोंद करून घेतली. आरोग्याचा दाखला घेतला. आणि चारही रेतनांच्या नोंदी, डॉक्टरांचा तपासणीचा कागद एका पिशवीत ठेवले. हे शेवटचं फार कमी लोक करतात. दुधासाठी, पैदाशीसाठी किंवा कामासाठी उपयोगाची राहिली नाही असा अधिकाऱ्यांचा दाखला असल्याशिवाय म्हशीची कत्तल करता येत नाही. खरेदीदाराला ही धाकधूक असते की दाखला नाकारला तर जनावर अंगावर पडेल. ती धाकधूक तो भावातून कापतो. आमच्या पिशवीतल्या कागदांनी ती कमी केली.

शुक्रवार

नेवासे तालुक्यातल्याच घोडेगावचा जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. म्हशींसाठी तो लांबलांब ठाऊक आहे. डिसेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी पिकअप बोलावली, वाटेत वजनकाट्यावर आधी भरलेली गाडी मोजली, मग चंद्रीला उतरवून रिकामी. दोन्ही वेळा ड्रायव्हर खाली. फरक ४५५ किलो. टेपपेक्षा सतरा किलो कमी, पण ही पावती छापील होती आणि तिच्यावर तारीख होती.

सकाळी लवकर पोचलो. बायका बाजारात अगदी मोजक्या. मावशीला मी म्हटलं होतं, तू गाडीजवळ बस. ती म्हणाली, "माझी म्हैस हाय, मी तिच्यापाशी उभी राहणार." आणि दावं धरून उभी राहिली ती शेवटपर्यंत.

पहिला आला, दात बघितले, पाठीवर थाप मारली, सत्तावीस. दुसरा एकतीस. मग एक दलाल आला, माझा हात धरून रुमालाखाली घेतला आणि बोटं दाबू लागला. ही बोटांची भाषा मला येत नाही. येत नसेल तर हात काढून घ्यावा आणि तोंडानं बोला म्हणावं, त्यात कमीपणा नाही. रुमालाखालचा भाव शेजारच्या गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि आम्हाला तर तो कळायलाच हवा होता.

तासाभरानं एका खरेदीदाराशी साडेतेहतीसवर गाडी अडकली. तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलली.

"किलोनं काय देता सांगा."

तो माणूस हसला. "मावशी, म्हशीचा कुठं किलोवर भाव असतो?"

"तुम्ही मनात किलोच धरता ना? मग तोंडानं सांगा." आणि पिशवीतून काट्याची पावती काढून त्याच्यापुढं धरली.

त्यानं पावती घेतली, तारीख बघितली, पुन्हा एकदा चंद्रीच्या भोवती फिरला. तो गावच्या दुकानासाठी घेत होता, त्याला कोवळं जनावर हवं होतं. वजनदार म्हातारी म्हैस त्याच्या कामाची नव्हती, हे त्यानंच प्रामाणिकपणे सांगितलं. "कारखान्याचा माल भरणारा पलीकडं उभा हाय, त्याला दाखवा." मला हे आधी कळायला हवं होतं. निर्यातीचं मांस करणारे कारखाने वजन बघतात, वय फारसं बघत नाहीत. दुकानदार वय बघतो. चुकीच्या माणसापुढं तासभर उभं राहिलो तर त्याचा भाव खरा असूनही आपल्याला कमीच वाटणार.

पलीकडच्या माणसानं पावती बघितली, बिल्ल्याचा नंबर बघितला, डॉक्टरांचा कागद वाचला. पंच्याऐंशी रुपये म्हणाला. मावशीनं नव्वद मागितले. मधे दलाल पडला. शेवटी सौदा उक्ताच लिहिला गेला, एकोणचाळीस हजार पाचशे. भागून बघितलं तर किलोला सत्त्याऐंशीच्या आतबाहेर.

पैसे मोजून घेतल्याशिवाय दावं सोडायचं नाही हे आधीच ठरलं होतं. अर्धे रोख, अर्धे फोनवर. फोनवरचे मावशीच्या खात्यात आल्याचा मेसेज वाचून मगच पावतीवर सही केली. बाजार समितीची पावती घेतली, बिल्ल्याचा नंबर त्यावर लिहून घेतला.

हिशेब

चोवीस आणि साडेएकोणचाळीस यांतले साडेपंधरा हजार सगळे फायद्याचे नाहीत. जादा खुराक एकवीसशे. दीड महिन्याची साधी वैरण सत्तावीसशे. पिकअप सोळाशे, काटा शंभर, बाकी चहापाणी-हमाली तीनशे. एकूण सहा हजार आठशे. हातात जास्तीचे उरले आठ हजार सातशे. मावशीच्या घरात एवढ्यात दोन महिन्यांचा किराणा भरतो.

एक चूक झाली. शेजारणीची म्हैसही भाकड होती, बांधावरच्या घरात अजून एक. तिघींनी एक गाडी केली असती तर भाडं वाटलं गेलं असतं, आणि तीन नग एकत्र बघून खरेदीदारानंही हात सैल सोडला असता. शेजारीण म्हणाली, बघू उन्हाळ्यानंतर.

उन्हाळ्यानंतर, २०२५ च्या पावसाळ्यात, गाड्या अडवण्याच्या आणि मारहाणीच्या प्रकारांना कंटाळून जनावरांच्या आणि मांसाच्या व्यापारातल्या कुरेशी समाजानं राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली. बाजार ओस पडले. शेजारणीची म्हैस दावणीला खात राहिली आणि विचारायलासुद्धा कुणी येईना. आपला भाव आपल्या हिशेबावर अवलंबून असतोच, पण समोर घेणारा माणूस निर्धास्तपणे उभा राहू शकतो की नाही यावर त्याहून जास्त असतो. खरेदी करणाऱ्याला रस्त्यावर भीती असली की त्या भीतीची किंमत शेतकऱ्याच्या गोठ्यातून वसूल होते. हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

घोडेगावहून निघताना मावशीनं चंद्रीच्या गळ्यातलं दावं काढून घेतलं. ते विकत नाहीत, घरी आणतात. खरेदीदारानं नवा दोर बांधला. मावशीनं तिच्या कपाळावरच्या चांदाला हात लावला, आणि मला विचारलं, कुठं नेतील. मी खरं ते सांगितलं. ती गाडीत बसली आणि नेवासे फाट्यापर्यंत काही बोलली नाही.

ते दावं आता पारडीच्या गळ्यात आहे. दोन गाठींची सुतळी गोठ्याच्या खुंटीला लटकते. परवा शेजारीण ती मागायला आली होती. तिच्या म्हशीचा घेर ७० भरला, लांबी ५२. मावशीनं माझ्या भाच्याच्या वहीवर गुणाकार करून तिला ३८६ लिहून दिलं, आणि वर म्हणाली, "विसार घेऊ नको. आला तर म्हण, आधी किलोचं बोल."